ॲम्प सगळ्यात शेवटी: माफक बजेटमध्ये स्टिरिओ ॲम्प्लिफायर कसा निवडावा

घरात नीट गाणी ऐकायची म्हणून ॲम्प्लिफायर शोधायला निघालेला माणूस लवकरच गांगरतो. कुणी सांगतं शंभर वॅटशिवाय मजा नाही, कुणी म्हणतं जुनाच घ्या, नव्यात दम राहिला नाही, तर कुणी तळहाताएवढ्या डबीचं कौतुक करून थकत नाही. या सगळ्या सल्ल्यांत एक गोष्ट राहून जाते. ॲम्प एकटा काहीच करत नाही. तो कुठले स्पीकर, केवढ्या खोलीत वाजवणार आणि गाणी कशावरून येणार हे ठरल्याशिवाय ‘चांगला ॲम्प’ या शब्दांना काही अर्थ नाही. म्हणून इथे क्रम उलटा ठेवला आहे. ॲम्प शेवटी येतो, आणि तिथे पोचेपर्यंत त्याची निवड बरीचशी झालेली असते.

पैसे कुठे घालायचे

ठरवलेल्या रकमेतला निदान अर्धा भाग स्पीकरवर जाऊ द्या, साठ टक्के गेला तरी बिघडत नाही. कारण साधं आहे. एका स्पीकरच्या आणि दुसऱ्या स्पीकरच्या आवाजात कित्येक डेसिबलचे (डेसिबल म्हणजे आवाजाच्या पातळीचं माप) चढउतार असतात, ते कुणालाही ऐकू येतात. धड बनवलेल्या दोन ॲम्पमध्ये मात्र, दोन्ही आपल्या मर्यादेत चालत असतील तर, हा फरक डेसिबलच्या लहानशा अंशाइतकाच उरतो. महागडा ॲम्प घेऊन त्याला सुमार स्पीकर जोडणं म्हणजे नाकापेक्षा मोती जड.

त्याआधी आणखी एक प्रश्न स्वतःला विचारा: ॲम्प लागतोच का? स्पीकरच्या पाठीमागे विजेची पिन लावायची सोय असेल, तर तो ॲक्टिव्ह स्पीकर. त्याच्या पोटातच ॲम्प असतो आणि त्याला दुसरा जोडायचा नसतो. टेबलावर कॉम्प्युटरशेजारी ऐकणार असाल, किंवा दोन पेट्या ठेवल्या आणि काम झालं एवढंच हवं असेल, तर ॲक्टिव्ह जोडी घेऊन इथेच थांबलात तरी चालेल. वेगळा ॲम्प घेण्याचा खरा फायदा असा की पुढे स्पीकर बदलले तरी ॲम्प राहतो आणि ॲम्प बिघडला तरी स्पीकर फेकावे लागत नाहीत.

घ्यायचाच ठरला तर माफक बजेटमध्ये ‘इंटिग्रेटेड’ ॲम्प शोधा, म्हणजे आवाज कमीजास्त करणारा भाग आणि ताकद देणारा भाग एकाच डब्यात. त्यात रेडिओ असला तर त्याला स्टिरिओ रिसीव्हर म्हणतात. पाच-सात स्पीकरवाला होम थिएटरचा रिसीव्हर फक्त दोन स्पीकरसाठी घेऊ नका. तुमचे पैसे न वापरायच्या चॅनलमध्ये, म्हणजे जादा स्पीकरांच्या वाटांमध्ये, आणि चित्राच्या सर्किटमध्ये अडकतात.

स्पीकरच्या पाठीवरचे दोन आकडे

स्पीकरच्या मागच्या पाटीवर किंवा माहितीपत्रकात दोन आकडे शोधा.

पहिला ओहम, म्हणजे स्पीकर विजेला किती अडवतो त्याचं माप: ८, ६ किंवा ४. हा आकडा जितका लहान तितका स्पीकर ॲम्पकडून जास्त करंट ओढतो. त्याच व्होल्टेजला ४ ओहमचा स्पीकर ८ ओहमच्या दुप्पट करंट घेतो. ॲम्पच्या मागे स्पीकरच्या टर्मिनलांशेजारी ‘४ ते १६ ओहम’ किंवा ‘६ ओहमच्या वर’ असं छापलेलं असतं, ते काळजीपूर्वक वाचा. ‘ए’ आणि ‘बी’ अशा दोन जोड्या एकदम वाजवता येणारा ॲम्प असेल, तर दोन्ही जोड्या ८ ओहमच्या असल्या तरी एकत्र सुरू केल्यावर बऱ्याच ॲम्पना भार ४ ओहमचाच पडतो. ॲम्प तापून मध्येच बंद पडण्यामागे पुष्कळदा हेच कारण निघतं.

दुसरा आकडा सेन्सिटिव्हिटीचा: ८४, ८६, ८९ डेसिबल असं काहीतरी. स्पीकरला २.८३ व्होल्ट दिले, म्हणजे ८ ओहमला १ वॅट दिला, तर एक मीटरवर किती आवाज येतो हे त्यातून कळतं. जाहिरातीत वॅट ठळक छापतात आणि हा आकडा बारीक अक्षरात, पण तुम्हाला किती वॅट लागतील ते ठरवणारा आकडा हाच.

वॅटचा हिशोब, एकदाच नीट

समजा स्पीकर ८६ डेसिबलचा आहे, ८ ओहमचा आहे आणि तुम्ही तीन मीटरवर बसता. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो. तीन मीटरवर तो साधारण साडेनऊने उतरून ७६-७७ वर येतो. स्पीकर दोन आहेत म्हणून ३ परत मिळवा. भिंतींवरून परतणारा आवाज साधारण तेवढीच भर घालतो. म्हणजे प्रत्येक स्पीकरला फक्त एकेक वॅट दिला की खुर्चीपाशी सुमारे ८२ डेसिबल मिळतात.

आता ऐकणार किती मोठ्यांदा? घरात सरासरी ७५ डेसिबल म्हणजे बऱ्यापैकी मोठा आवाज झाला. बोलायचं तर शेजारी बसलेल्यालाही आवाज चढवावा लागेल. त्याला लागतो सुमारे ०.२ वॅट. छापण्यात चूक झालेली नाही, खरंच एक पंचमांश वॅट. पण गाणं सरासरीवर चालत नाही. तबल्यावरची थाप, ड्रमचा ठोका, वाद्यवृंदाचा एकदम उठलेला झंकार हे सरासरीपेक्षा १५-२० डेसिबल वर उडी मारतात. ही २० डेसिबलची उडी विनातक्रार झेलायची तर त्या क्षणी साधारण २० वॅट हाताशी पाहिजेत. ॲम्पच्या वॅटचं खरं काम त्या क्षणापुरतं.

स्पीकर ८३ डेसिबलचा असेल तर याच हिशोबाने ४० वॅट लागतील, ८९ चा असेल तर १० वॅट भागवतील. दर ३ डेसिबलला वॅट दुप्पट किंवा निम्मे, एवढं लक्षात ठेवलं की पुढचं तोंडी जमतं. आवाज कानाला दुप्पट वाटायचा तर साधारण १० डेसिबल, म्हणजे दहापट वॅट लागतात. म्हणून ५० वॅट आणि ६० वॅट यांतला फरक फक्त ०.८ डेसिबलचा आहे. त्यासाठी जास्तीचे पैसे मोजू नका.

मध्यम आकाराची खोली आणि साधे बुकशेल्फ स्पीकर असतील तर प्रत्येक चॅनलला खरे ३० ते ६० वॅट पुरे. वीस वॅट ऐकूनही नाक मुरडू नका. एनएडी कंपनीचा १९७८ साली आलेला ३०२० हा ॲम्प कागदावर अवघ्या २० वॅटचा होता आणि कमी पैशातल्या चांगल्या ॲम्पचं उदाहरण म्हणून आजही त्याचंच नाव निघतं.

खरे वॅट ओळखायचे कसे

वर ‘खरे ३० ते ६० वॅट’ म्हटलं, त्यातला ‘खरे’ हा शब्द मुद्दाम घातला आहे. पीएमपीओ नावाचा आकडा दिसला तर तो वाचायचाच नाही. त्याला ठरलेलं मोजमाप नाही, जो जितका छापेल तितका. ‘कमाल’ किंवा ‘पीक’ वॅटही तसेच बाजूला ठेवा. सलग वॅट, म्हणजे ज्यांना आरएमएस म्हणायची पद्धत पडली आहे ते, बघायचे आणि त्यासोबत तीन गोष्टी लिहिल्या आहेत का ते तपासायचं: किती ओहमला, किती टक्के टीएचडीला आणि दोन्ही चॅनल एकदम चालू असताना की एकच. या फुगवलेल्या आकड्यांचा एवढा सुळसुळाट झाला होता की अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनला १९७४ मध्ये ॲम्पचे वॅट कसे मोजून जाहीर करावेत याचा खास नियम काढावा लागला.

टीएचडी म्हणजे आवाजात मिसळलेली विकृती. ०.१ किंवा १ टक्क्याला मोजलेले वॅट कामाचे. १० टक्क्यांना मोजलेले वॅट म्हणजे ॲम्प आधीच फाटलेल्या आवाजात वाजतोय, तेव्हाचे. छोट्या क्लास-डी ॲम्पवर (ही पद्धत काय ते पुढे येईल) हमखास हाच आकडा छापतात. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची टीपीए३२५५ ही चिप घ्या. तिच्या माहितीपत्रकातले ३१५ वॅट ४ ओहमला, १० टक्के विकृतीला आणि ५० व्होल्टच्या वरच्या पुरवठ्यावर मोजलेले आहेत. तीच चिप घातलेल्या डबीवर ‘३०० वॅट + ३०० वॅट’ लिहून सोबत ३२ व्होल्ट, ५ अँपिअरचा ॲडॅप्टर दिलेला असतो.

इथे शाळेतलं गणित कामाला येतं. ३२ गुणिले ५ म्हणजे १६० वॅट. ॲडॅप्टर एवढेच देऊ शकतो, मग दोन चॅनल मिळून ६०० वॅट येणार कुठून? आणखी खोलात जायचं तर, अशा चिपमधून स्पीकरला जास्तीत जास्त पुरवठ्याएवढंच व्होल्टेज मिळतं. ३२ व्होल्टचं शिखर म्हणजे २२.६ व्होल्ट आरएमएस. त्याचा वर्ग करून ८ ने भागा, ६४ वॅट येतात. थोडी घट धरली तर ८ ओहमला ५०-५५ वॅट मिळतील. २४ व्होल्टच्या ॲडॅप्टरवर हाच हिशोब ३६ वॅटवर येतो आणि हातात तिशीच्या आसपास पडतात.

म्हणजे डबी वाईट आहे का? मुळीच नाही. ८ ओहमच्या स्पीकरला खरे ५० वॅट त्या पैशात मिळत असतील तर सौदा उत्तम आहे. फक्त पाटीवरच्या ३०० चे पैसे देऊ नका, आणि विक्रेता जास्त व्होल्टच्या ॲडॅप्टरचा पर्याय देत असेल तर तो ॲम्पच्या मर्यादेत बसतो का ते पाहा.

क्लास-डी म्हणजे डिजिटल, असा एक गैरसमज आहे. तसं काही नाही. ट्रान्झिस्टर अतिशय वेगाने चालू-बंद करून ताकद देण्याची ती पद्धत आहे. त्यामुळे वीज उष्णतेत फार वाया जात नाही आणि डबी लहान होते. जुन्या वळणाचा क्लास-एबी ॲम्प जड असतो, तापतो, पण वर्षानुवर्षं टिकतो आणि दुरुस्तीही सोपी. स्वस्त क्लास-डीत एक गोम असते: शेवटच्या फिल्टरमुळे वरच्या पट्टीतला आवाज स्पीकरच्या ओहमप्रमाणे थोडा चढतो किंवा उतरतो. ‘पोस्ट-फिल्टर फीडबॅक’ असलेल्या मॉडेलमध्ये हा दोष जवळजवळ निघून जातो. दोन सारख्या किमतीच्या डब्यांत निवडायचं झालं तर मी हे बघेन.

ॲम्पची मागची बाजू

वॅटचा प्रश्न मिटला की ॲम्प पुढून बघणं सोडा आणि मागून बघा. घरातलं काय काय जोडणार ते कागदावर लिहा आणि प्रत्येकासाठी जागा आहे का ते पाहा.

मोबाइल, सीडी प्लेअर, कॉम्प्युटर यांना साधं आरसीएचं लाल-पांढरं इनपुट पुरतं. टर्नटेबलला मात्र ‘फोनो’ असं लिहिलेलंच इनपुट लागतं. सीडी प्लेअर २ व्होल्टच्या आसपास सिग्नल देतो, तर रेकॉर्डवरच्या मूव्हिंग मॅग्नेट सुईतून मिळतात जेमतेम ५ मिलिव्होल्ट, म्हणजे चारशे पटींचा फरक. शिवाय रेकॉर्ड कोरताना खालचे सूर दाबलेले आणि वरचे चढवलेले असतात, ते फोनोचं सर्किट परत जागेवर आणतं. साध्या इनपुटला टर्नटेबल लावलं तर आवाज क्षीण आणि चिरका येतो. उलट, फोनो इनपुटला सीडी प्लेअर लावला तर कानठळ्या बसतात. ज्यांच्या टर्नटेबलमध्येच फोनो स्टेज आहे त्यांनी ॲम्पमधल्या फोनोसाठी जास्त पैसे देऊ नयेत.

टीव्ही जोडायचा असेल तर ऑप्टिकल इनपुट किंवा एचडीएमआय एआरसी हवं. एआरसीत टीव्हीच्या रिमोटनेच आवाज कमीजास्त होतो, ऑप्टिकलमध्ये ॲम्पचा रिमोट वेगळा उचलावा लागतो. दोन्हींत एक खाचखळगा आहे: टीव्हीच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये ‘पीसीएम’ निवडायचं. ते ‘बिटस्ट्रीम’ किंवा डॉल्बीवर राहिलं तर स्टिरिओ ॲम्प गप्प बसतो आणि माणूस ॲम्प बिघडला म्हणून परत करायला निघतो.

लहान स्पीकर असतील तर ‘सब आउट’, म्हणजे फक्त खालचे सूर वाजवणारा सबवूफर जोडायची जागा, जरूर बघा. आज सबवूफर घेणं जमलं नाही तरी पुढे हीच सुधारणा सगळ्यात जास्त जाणवते. ब्लूटूथ असलं तर सोय, पण त्यासाठी दुसरं काही सोडू नका. वायफाय आणि ॲपचंही तेच. ही तंत्रं भराभर जुनी होतात. ॲम्प पंधरा वर्षं चालेल, त्यातलं ॲप चालेलच असं नाही. ते बाहेरच्या छोट्या डबीत असलेलं बरं, जुनी झाली की बदलता येते.

रिमोट मात्र चैन समजू नका. बास-ट्रेबलची बटणं असलेल्या ॲम्पला कमी लेखणारे लोक भेटतील, त्यांच्याकडे लक्ष देऊ नका. कोपऱ्यात ठेवलेल्या स्पीकरचा घुमणारा बास जरा उतरवायला तीच बटणं उपयोगी पडतात.

वापरलेला घ्यायचा असेल तर

कमी पैशात जास्त ॲम्प हवा असेल तर हा रस्ता खरोखर चांगला आहे. यामाहा, डेनॉन, मरांट्झ, रोटेल, एनएडी, केंब्रिज ऑडिओ अशा नावांचे दहा-वीस वर्षं जुने साधे स्टिरिओ ॲम्प धडधाकट सापडतात. पण चालू करून, निदान अर्धा तास ऐकून मगच पैसे द्या.

सगळ्यात आधी मागे छापलेलं व्होल्टेज वाचा. दुसऱ्या देशातून आलेला ११० किंवा १०० व्होल्टचा ॲम्प २३० च्या प्लगात लावला तर गोष्ट तिथेच संपते. मग ॲम्प सुरू करा. बऱ्याच चांगल्या ॲम्पमध्ये काही सेकंदांनी ‘टक्’ असा रिलेचा, म्हणजे आतल्या विजेच्या स्विचचा, आवाज येतो आणि त्यानंतर स्पीकर जोडले जातात. तो आवाज येत नसेल किंवा स्पीकरमधून जोरात ‘धप्’ होत असेल तर सावध व्हा. आवाजाचं बटण हळूहळू फिरवा. खरखर आली तर घाबरायचं कारण नाही, कॉन्टॅक्ट क्लीनरने ती सहसा जाते, तेवढ्यावर किंमत मात्र पाडून मागा. अगदी बारीक आवाजात एक बाजू नाहीशी होते का ते बघा. बॅलन्सचं बटण दोन्ही टोकांना नेऊन दोन्ही चॅनल सारखे वाजतात का ऐका. काहीच वाजत नसताना स्पीकरला कान लावून घूं-घूं येते का तेही.

मल्टिमीटर असेल तर एक मोजणी दहा तपासण्यांच्या बरोबरीची आहे. स्पीकर काढून, आवाज शून्यावर ठेवून, मीटर डीसी मिलिव्होल्टवर लावून एकेका चॅनलच्या लाल-काळ्या टर्मिनलवर टेकवा. ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तर उत्तम. १०० च्या वर गेलं तर तो ॲम्प सोडून द्या, कारण असा ॲम्प पुढेमागे स्पीकर जाळू शकतो. वरची जाळी आहे तिथून टॉर्च मारून आत पाहा. कपॅसिटरची (वीज साठवणाऱ्या लहान नळकांड्यांची) डोकी फुगलेली असतील तर दुरुस्तीचा खर्च किमतीत धरा.

ऐकून तुलना करताना

दोन ॲम्प शेजारी ऐकवले जातात तेव्हा जो किंचित मोठा वाजतो तोच चांगला वाटतो. कान असेच असतात, त्यात तुमचा दोष नाही. म्हणून आधी दोन्हींचा आवाज सारखा करून घ्या. निदान मोबाइलच्या डेसिबल मीटरने तरी, एकाच जागेवरून, एकाच गाण्यावर. गाणी तुमच्या रोजच्या ऐकण्यातली असावीत, दुकानदाराच्या ठेवणीतली नकोत. सारख्या आवाजात फरक कळला नाही तर स्वस्तातला घ्या.

बटण जेमतेम पाव फिरवलं की आवाज भरपूर येतो, म्हणजे ॲम्प दणकट, असं बरेच जण मानतात. बटण किती फिरलं यावरून गेन, म्हणजे ॲम्प सिग्नल किती पटींनी वाढवतो ते, कळतो, ताकद कळत नाही. उरलेलं पाऊण वळण म्हणजे शिल्लक ताकद नव्हे, त्यातला मोठा भाग फाटलेल्या आवाजाचा असू शकतो.

घरी आणल्यावर

स्पीकर वायरवर फार खर्च करू नका. १.५ चौरस मिलिमीटरची साधी तांब्याची दोन पदरी वायर पाच मीटर टाकली, तर जाऊन-येऊन तिचा रोध सुमारे ०.१२ ओहम भरतो. ८ ओहमच्या स्पीकरपुढे हे काहीच नाही. ४ ओहमचा स्पीकर किंवा लांबचा पल्ला असेल तर २.५ ची घ्या. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर स्वस्त पडते, पण तिचा रोध जास्त असतो. एवढाच काय तो वायरीचा प्रश्न.

जोडताना ॲम्पची पिन काढलेली असू द्या. लाल टर्मिनल लालला, काळं काळ्याला. एका बाजूला उलटं झालं तर बास गायब होतो आणि गायकाचा आवाज मधोमध येण्याऐवजी पसरतो. वायरीचा एखादा तंतू सुटून शेजारच्या टर्मिनलला टेकलेला नाही ना, हे प्रकाशात बघा. शॉर्टसर्किट बहुतेक वेळा असल्याच एका तंतूने होतं. क्लास-डी ॲम्प असेल तर आणखी एक पथ्य: दोन्ही चॅनलची काळी टर्मिनलं एकमेकांना जोडायची नाहीत, आणि ॲम्पच्या पत्र्यालाही नाही. जुन्या बऱ्याच ॲम्पमध्ये काळं म्हणजे ग्राउंड असतं, इथे त्यावरही सिग्नल असतो. सबवूफरला स्पीकरच्या टर्मिनलवरून जोडणार असाल तर हे विशेष लक्षात ठेवा.

ॲम्पच्या वर चार बोटं तरी मोकळी जागा सोडा. त्याच्या डोक्यावर सेटटॉप बॉक्स ठेवायचा मोह आवरा.

सगळं जोडून झालं आणि घूं-घूं ऐकू आली तर लगेच ॲम्पला दोष देऊ नका. आवाज खाली आणून एकेक इनपुटची वायर काढत जा. जी काढल्यावर आवाज थांबतो, तिच्या पलीकडे दोष आहे. लॅपटॉप असेल तर त्याचा चार्जर काढून बघा, टीव्ही असेल तर ऑप्टिकलने जोडा, कारण त्यात विजेचा संबंधच येत नाही. टर्नटेबल असेल तर त्याची बारीक ग्राउंडची वायर ॲम्पच्या मागच्या स्क्रूला लावायची राहिली असेल. सगळ्या वायरी काढूनही घूं-घूं तशीच राहिली, तर मात्र ॲम्प खोक्यात भरा आणि परत करण्याची मुदत संपायच्या आत दुकानात पोचवा.